आपलं सूप : येळवणी, आंबील आणि माडगं
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



समितीनं मला ‘ऋतूप्रमाणे घरगुती सूप’ हा विषय दिला. सूप म्हटलं की आपल्याला हॉटेल आठवतं, नाहीतर दुकानातलं पाकीट. पण पातळ, गरम, पोटाला हलकं असं आपल्या धाराशिवकडं काहीच नव्हतं का? होतं की! फक्त ते सणावारात आणि हवामानात विभागलेलं होतं.

होळीला पुरणपोळी होते. हरभऱ्याची डाळ शिजवताना पाणी मुद्दाम जास्त ठेवायचं आणि शिजल्यावर निथळून घ्यायचं. ही येळवणी. डाळीचं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, म्हणून ती टाकायची नाही. भाजलेलं कांदा-खोबरं वाटून, काळा मसाला, चिंच आणि गुळाचा खडा घालून उकळली की आमटी तयार. दुसऱ्या दिवशी ती जास्तच मुरते.

उन्हाळ्यात आंबील. एक वाटी ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात भिजवून आंबवायचं, सकाळी पाच-सहा वाट्या पाण्यात ढवळत शिजवायचं. पूर्ण थंड झाल्यावरच ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालायचं. गरम असताना ताक ओतलं की ते फाटतं. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरातल्या लोकांना ज्वारी नव्यानं कळली. आपल्याला ती सांगावी लागत नाही.

पावसाळ्यात सर्दी झाली की हुलग्याचं माडगं. हुलगे खमंग भाजून दळून ठेवावेत. दोघांसाठी चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लसूण-जिऱ्याची फोडणी, तीन वाट्या पाणी, उकळी आली की पीठ सोडा आणि ढवळत राहा. 100 ग्रॅम हुलग्यात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. आजारी माणसाला भाकरी जात नसेल तेव्हा याची किंमत कळते.

थंडीत येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूरकडं शेतात कडब्याची कोप करून पांडव पुजतात. भज्जी, उंडे असतात आणि थंडी असली तरी मडक्यातली आंबील असतेच. त्या दिवशी वाटसरूलाही बोलावून जेवायला बसवतात.

आता मुद्द्याचं बोलते. यातलं काहीच पुस्तकातून शिकलेलं नाही. ‘अंदाजानं घाल’ म्हणणाऱ्या आई, आजी, सासूबाईंच्या शेजारी उभं राहून शिकलेलं आहे. फ्लॅटमध्ये आलो, नोकऱ्या लागल्या, मुलं पुण्या-मुंबईला गेली. तो अंदाज आता आपल्या इमारतीतल्या मोजक्या हातांत उरलाय. तो हात थांबला की पुढच्यांना पाकीटच फोडावं लागणार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. पाकिटात मीठ किती, ते आधीच ठरलेलं असतं; माडग्यात ते आपल्या हातात असतं. बीपीची गोळी घेणारे इथं किती बसलेत, हे मी विचारत नाही!

म्हणून दोन विनंत्या. एक, सोसायटीच्या ऑफिसात एक वही ठेवू. प्रत्येक घरानं आपलं एक पातळ कालवण त्यात वाटी-चमच्याच्या मापानं लिहावं. आजीनं सांगावं, नातवानं लिहावं. मुलांनीही शिकावं, हे फक्त मुलींचं काम नाही. दुसरी, शेजारी कोणी आजारी असेल, एकटं असेल, तर डबा नको, तांब्याभर माडगं घेऊन जा. करायला पंधरा मिनिटं लागतात आणि गरम असतं तोवर दार वाजवावंच लागतं.