“चूक झाली” नाही, “चूक मी केली”

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या माजी सचिव ताईंनी मांडलेलं मनोगत. ज्या ताईंच्या आजाराचा यात उल्लेख आहे, त्यांना आधी वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने छापत आहोत.)



मला आज “आरोग्य तपासणीचं महत्त्व” या विषयावर बोलायला सांगितलंय. महत्त्व आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दशसूत्री म्हणताना आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीला मोठ्यानं म्हणतो. मीही म्हणायचे. म्हणून महत्त्व सांगत नाही. मी काय केलं, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याच्या आधीचे दिवस. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिलांचं तपासणी शिबिर होतं. मी गटाची सचिव होते, शिवाय ग्रामसंघाकडून आरोग्याचं काम माझ्याकडे दिलेलं होतं. आमच्या गटात तीस वर्षांच्या पुढच्या बारा जणी. बाराही जणींना घेऊन जायचं आणि यादी भरून द्यायची, एवढंच काम.

पण सोयाबीन काढायला आलेलं. एक म्हणाली, “तीनशे रुपये रोज बुडवून मी काय बीपी बघायला येऊ?” दुसरी म्हणाली, “मला काय झालंय? धडधाकट हाय मी.” तिसरीच्या घरातून निरोप आला की पाहुणे आलेत. शेवटी जीपमध्ये चौघी बसल्या. मी पाचवी. आणि खरं सांगते, तिथं जाऊनही मी स्वतःची तपासणी केली नाही. रांग लावली, नावं सांगितली, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, “माझं नंतर बघू, बायांचं होऊ द्या.” लोकांना वाटलं, किती सेवाभावी बाई. मला भीती वाटत होती. दुसरं काही नाही.

संध्याकाळी यादी भरायला बसले. चार नावांपुढे “तपासणी झाली” असं लिहिलं. खाली आठ जागा रिकाम्या. त्या आठांत माझंही नाव. दुसऱ्या गटांच्या याद्या पूर्ण भरून आल्या होत्या असं कानावर आलं होतं. मनात म्हटलं, आठ जणींना मी पुढच्या महिन्यात नेणारच आहे, मग आताच लिहिलं तर काय बिघडलं? आणि आठही नावांपुढे लिहून टाकलं, “तपासणी झाली.” सही माझी. तारीख त्याच दिवसाची.

पुढच्या महिन्यात कुणालाच नेलं नाही. ऊस आला, लग्नसराई आली. ग्रामसंघाच्या सभेत मात्र आमच्या गटाचं नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या. त्या टाळ्या मी घेतल्या.

मैत्रिणींनो, बचतीच्या पैशात मी आजपर्यंत एक रुपयाचा घोळ केलेला नाही. हिशोब जुळला नाही तर रात्री झोप लागायची नाही मला. पण या खोट्या हिशोबावर मी सात महिने निवांत झोपले. कारण कागदावर पैसे नव्हते ना, नुसत्या बाया होत्या.

त्या आठांतल्या एक काकू. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. तरी अधूनमधून अंगावर जायचं. अंगाला वास यायचा, कंबर दुखायची. कुणाला सांगणार? सुनेला सांगायची लाज, नवऱ्याला तर त्याहून जास्त. त्या मनात म्हणायच्या, शिबिर परत आलं की आशाताई बोलवायला येतीलच, तेव्हा हळूच सांगू. आशाताई आल्या. राहिलेल्या बायांची यादी घेऊन गल्लीतून फिरल्या. पण काकूंच्या दारात थांबल्या नाहीत. थांबणार कशा? त्यांच्या कागदावर काकूंची तपासणी झालेली होती. माझ्या अक्षरात.

मे महिन्यात काकूंना एकदम जास्त जायला लागलं, चक्कर येऊन पडल्या, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं. तपासलं, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या टप्प्याचा.

त्याच आठवड्यात आशाताई संध्याकाळी माझ्या घरी आल्या. पदराखालून यादीची झेरॉक्स काढली आणि विचारलं, “ताई, हे अक्षर तुमचं आहे का?”

मी “हो” म्हटलं, पण पुढं काही बोलले नाही. दोन दिवस डोक्यात नुसत्या पळवाटा. म्हणावं, घाईत खूण झाली. म्हणावं, काकूंनी स्वतःच नको म्हटलं होतं. म्हणावं, सगळेच असं लिहितात. यातली एकही गोष्ट पूर्ण खोटी नव्हती. म्हणूनच त्या फार सोयीच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, “यादी भरताना माझ्याकडून चूक झाली.” आमच्या अध्यक्ष आजी, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. त्या म्हणाल्या, “थांब. चूक झाली म्हणजे? दूध उतू जातं, तसं झालं का? पेन कुणाच्या हातात होतं?” मी म्हटलं, “माझ्या.” “मग तसं बोल.”

मग मी बोलले. “मी खोटं लिहिलं. आठ जणींची तपासणी झाली नव्हती, हे मला माहीत होतं. मला आपल्या गटाचं नाव व्हायला हवं होतं. आणि मी स्वतःही तपासणी केली नव्हती, ते मला झाकायचं होतं.” चार वाक्यं. पण ती बोलताना माझे पाय लटपटत होते.

बोलून झाल्यावर मी रडले. काकू बैठकीला आल्या होत्या. मला वाटलं, आता त्या जवळ घेतील, “जाऊ दे” म्हणतील. त्या म्हणाल्या, “तुझं रडणं मला नको. मला सोमवारपासून शेकाला जायचंय. रोज. पाच आठवडे. माझ्याबरोबर कोण येणार, ते सांग.”

मी गेले. तीन आठवडे मी, दोन आठवडे गटातल्या दुसऱ्या दोघी, पाळीपाळीनं. धर्मशाळेत राहिलो. किरणांचे उपचार, ज्याला आपल्याकडं शेक म्हणतात, ते सोमवार ते शुक्रवार. औषधोपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाले. पण गाडीभाडं, जेवण, बुडालेली मजुरी, विकलेली एक शेळी, हे सगळं घरातूनच गेलं.

मी तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारलं, सात महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, “या एका बाईबद्दल नक्की सांगता येणार नाही. पण लवकर सापडलेला बरा होण्याची शक्यता जास्त असते, एवढं नक्की.” “नक्की सांगता येणार नाही” हे ऐकून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली. आज मी एवढंच म्हणते: आजार मी दिला नाही. पण काकूंच्या दारावरून आशाताईंना पुढं मी पाठवलं. तेवढं माझं आहे, आणि ते माझंच राहणार.

त्याच काळात मी स्वतःचं बीपी मोजून घेतलं. १६२ वर १०० निघालं. १४० वर ९० पासून पुढं सारखं असेल तर तो रक्तदाबाचा आजार धरतात. मला वर्षभर डोकं जड वाटायचं, मी म्हणायचे उन्हानं होतंय. रक्त ९.४. आपल्या बायकांचं ते १२ च्या खाली असलं की पंडुरोग. आता रोज एक गोळी घेते. कर्ज वहीत लिहिलं नाही म्हणून फिटत नाही, तसंच बीपी मोजलं नाही म्हणून कमी होत नाही.

आता आपल्या भागातली एक गोष्ट सांगते. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. तिथल्या ५२ गावसमूहांतल्या १,३१,००० हून जास्त बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या, आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या बायका. २००९ साली त्याचा निकाल छापून आला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदा, फक्त एकदा झाली, तिथं या कॅन्सरनं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण, तपासणी न झालेल्या गावांपेक्षा जवळपास निम्मं होतं. जगभरचे डॉक्टर आज तो अभ्यास वाचतात. आणि आपली परिस्थिती काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. त्यात माझ्यासारख्या लिहिणाऱ्या किती असतील, देव जाणे.

तपासणी कशाची करायची, हेही सांगते. तीस वर्षांच्या पुढं वर्षातून एकदा बीपी आणि साखर. आपल्या उपकेंद्रात होते, पैसे पडत नाहीत. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड, यांची तपासणी सरकारी नियमाप्रमाणं दर पाच वर्षांनी. मिसरी लावणाऱ्यांनी, तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडाची तपासणी टाळायचीच नाही. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ औषध लावून बघतात, काही मिनिटांचं काम, सुई नाही, कापाकापी नाही. लाज वाटते, हे खरं. तपासणारा पुरुष असेल तर दुसरी बाई तिथं हजर हवी, असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. आणि पाळी गेल्यावर अंगावर जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, छातीत गाठ लागत असेल, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर शिबिराची वाट बघायची नाही. मागची तपासणी चांगली आली होती म्हणूनही थांबायचं नाही. सरळ दवाखाना.

शेवटी, गटानं काय केलं ते. माझं सचिवपद एक वर्षासाठी काढून घेतलं. मला वाईट वाटलं, पण योग्य होतं. ज्या हातानं खोटं लिहिलं, त्या हातात वही तशीच ठेवून माफी कशी होणार? मी ग्रामसंघात जाऊन खरी यादी लेखी दिली. बाकी सहा जणींची आणि माझी तपासणी महिन्याभरात झाली. आणि आम्ही इतिवृत्ताच्या वहीत चार नियम लिहून ठेवले.

पहिला: “तपासणी झाली” हे सचिवानं लिहायचं नाही. जिची तपासणी, तिनं स्वतः सही किंवा अंगठा करायचा, दवाखान्याचा कागद हातात घेऊन.

दुसरा: वहीत फक्त तारीख आणि पुढची तारीख. काय निघालं ते लिहायचं नाही, विचारायचं नाही. तारीख गटाची, आजार तिचा.

तिसरा: जी गेली नाही, तिच्यापुढं “गेली नाही” असंच लिहायचं. दंड नाही, टोमणा नाही. पुढच्या बैठकीत फक्त एवढंच विचारायचं, “काय अडचण आहे?” मजुरी अडचण असेल तर तारीख बदलायची. गाडीभाडं गटाच्या निधीतून.

चौथा अध्यक्ष आजींनी घातला: ज्या गटाच्या यादीत काही जागा रिकाम्या आहेत, त्या गटाला सभेत नावं ठेवायची नाहीत. रिकामी जागा दिसली तरच तिथं कुणी जाईल.

व्यासपीठावरच्या ताईंनाही माझी विनंती आहे. शंभर टक्के यादीला टाळ्या वाजवण्याआधी दोन घरी जाऊन विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं लिहिलं असेल, तर आज घरी जाऊन वही उघडा. खाडाखोड करू नका. खाली नवीन ओळ लिहा: “वरची नोंद खोटी आहे, मी केली होती,” आणि सही करा. पाय लटपटतील. पण त्या रात्री झोप लागते.

काकू आज इथंच आहेत, तिसऱ्या रांगेत. सध्या आजार दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी मला माफ केलंय का? मी विचारलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं नाही. पण काल त्यांनी मला निरोप धाडला. परवा त्यांची फेरतपासणी आहे, गाडी सकाळी सहाला निघते, आणि जीपमध्ये अजून दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी सभा संपल्यावर मला नाव सांगा.