आलेल्यांची विचारपूस
(निर्वासितांची आरोग्यतपासणी आणि यजमान समाज : व्याख्यानाचा मजकूर)



अकोल्यात सिंधी कॅम्प आहे, अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे. आज तेथे पक्की घरे, दुकाने आणि शाळा उभ्या आहेत. तंबू किंवा बराकीची खूण शोधूनही सापडणे कठीण. तरी ‘कॅम्प’ हा शब्द मात्र पत्त्यात टिकून राहिला आहे. १९४७च्या फाळणीनंतर सिंध प्रांत सोडून निघालेली असंख्य कुटुंबे कराचीहून आगबोटीने मुंबईस उतरली. त्यांतील फार मोठा समुदाय कल्याणच्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आला आणि तेथेच ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर वसले. काही कुटुंबे वऱ्हाडातही आली आणि येथील व्यापार-उदिमात मिसळून गेली. या वस्त्यांकडे पाहताना एक प्रश्न मनात यावा : घरदार गमावून कोणी दारात येऊन उभा राहतो, तेव्हा यजमान समाजाने त्याला प्रथम काय विचारावे?

मराठी भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. एक ‘चौकशी’ आणि दुसरा ‘विचारपूस’. चौकशी संशयापोटी होते, विचारपूस आस्थेपोटी. निर्वासितांच्या आरोग्यतपासणीचा सारा इतिहास या दोन शब्दांमधील अंतराचा इतिहास आहे.

नवागतांची तपासणी आवश्यकच आहे, याविषयी दुमत नसावे. उपासमार, प्रवासाचा शीण, दाटीवाटी आणि अशुद्ध पाणी यांमुळे माणसाची रोगप्रतिकारशक्ती खालावते. छावणीत गोवर शिरला तर कुपोषित बालके पटापट दगावतात. म्हणून बालकांना गोवराची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणे हे छावणीतील पहिल्या कामांपैकी एक मानले जाते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाला साधी फीत गुंडाळून घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित आहे हे क्षणात कळते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी, गर्भवतीच्या रक्तातील लोहाचे प्रमाण, मधुमेह वा रक्तदाबाची मध्येच खंडित झालेली औषधे, आणि रात्रीची झोप उडाली आहे काय, एवढे जिव्हाळ्याने विचारले तरी निम्मे काम होते. मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, ‘ही माणसे रोग घेऊन येतात.’ पुष्कळदा वस्तुस्थिती उलटी असते. माणसे निरोगी निघतात आणि वाट व छावणी त्यांना आजारी करते.

तपासणी माणुसकी सोडून केली तर काय होते, हे महाराष्ट्राने १८९७ साली पाहिले आहे. प्लेगच्या त्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोरे सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. स्त्रियांच्या मर्यादेचा आणि देवघराच्या पावित्र्याचा विचार राहिला नाही. परिणाम असा झाला की, लोक रुग्ण लपवू लागले. रोग शोधण्यासाठी केलेल्या तपासणीने रोगच दडवला. त्या प्रक्षोभातून पुढे रँडवधापर्यंत मजल गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

याच भूमीने दुसरे उदाहरणही घालून दिले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेली पोलंडची अनाथ, खंगलेली मुले १९४२ साली भारतात आली. त्यांना प्रथम मुंबईत वांद्र्याला ठेवून त्यांची प्रकृती सुधारू दिली गेली आणि मगच नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे उभारलेल्या वसतिस्थानी नेण्यात आले. त्यापाठोपाठ १९४३ साली कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तेथे शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते आणि स्वतःचे रुग्णालयही होते. आजारी माणूस वेशीवरून परत पाठवायचा नाही, त्याच्या उपचाराची सोय वेशीच्या आतच करायची, हा त्या व्यवस्थेचा अर्थ.

तपासणीतील चूक किती महाग पडते आणि साधा उपाय किती जीव वाचवतो, या दोन्ही गोष्टी १९७१ या एकाच वर्षाने शिकवल्या. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. आज घरोघरी ठाऊक असलेल्या जलसंजीवनीला या छावणीने जगापुढे आणले.

त्याच सुमारास कोलकात्याजवळील सॉल्ट लेकच्या छावणीत देवीचे रुग्ण होते. ते ‘कांजिण्या’ समजले गेले. ज्या प्रदेशात १९७० च्या ऑगस्टनंतर देवी उरली नव्हती, त्या नव्या बांगलादेशात निर्वासित परतले आणि त्यांच्यासमवेत देवीही परतली. १९७२ या एका वर्षात तेथे दहा हजारांवर रुग्णांची नोंद झाली. अखेरचा रुग्ण, भोला बेटावरील एक लहानगी, १९७५ च्या ऑक्टोबरात सापडली. येथे दोष निर्वासितांचा नव्हता. त्यांना नीट तपासून वेळेवर लस न देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

तिसरा धडा क्षयाचा आहे. हा रोग शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतो; म्हणून दारातल्या एका तपासणीने त्याचा निकाल लागत नाही. विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भारतातील तिबेटी समाजात क्षयाचे प्रमाण दीर्घकाळ चिंताजनक राहिले. देश सोडल्यानंतर कित्येक दशकांनी, २०१७ साली, हिमाचलातील तिबेटी शाळांत पाच हजारांवर मुलांची तपासणी झाली. ज्यांना रोग होता त्यांना उपचार मिळाले आणि ज्यांच्या शरीरात तो निद्रिस्त होता त्यांना प्रतिबंधक औषधे दिली गेली. याचा अर्थ स्पष्ट आहे : तपासणी हा एका दिवसाचा सोपस्कार नव्हे, तो वर्षानुवर्षांचा संबंध आहे.

कोणी म्हणेल, या दूरच्या गोष्टी झाल्या. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीत काय घडले, ते आठवावे. कोरोनाची दुसरी लाट वऱ्हाडात प्रथम उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर येथे टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कर्नाटकासारखी राज्ये निर्दोष चाचणीचा दाखला मागू लागली. ‘तुम्ही अमरावतीचे?’ या साध्या प्रश्नामागील धास्ती त्या दिवसांत अनेक वऱ्हाडी माणसांनी अनुभवली. तपासणी योग्यच होती. परंतु नजर बोचत होती. यजमान कोण आणि आगंतुक कोण, हे काळ ठरवतो. म्हणून आपल्याला जशी वागणूक मिळावी असे वाटते, तशीच व्यवस्था इतरांसाठी उभारण्यात शहाणपण आहे.

अशा व्यवस्थेचे नियम फार अवघड नाहीत. तपासणीपूर्वी पाणी, अन्न आणि बसायला सावली द्यावी. नवागताची भाषा जाणणारा दुभाषी असावा आणि स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य व आडोसा असावा. निष्कर्ष खासगी राहावा. त्याची कुजबूज वस्तीत पसरू नये. प्रत्येकाच्या हाती त्याची नोंद असलेले कार्ड द्यावे, म्हणजे गाव बदलले तरी उपचार तुटणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या रोगाच्या उपचाराची तयारी नाही, तो शोधून माणसाला केवळ कलंक लावू नये. निदान म्हणजे हद्दपारीचा हुकूम नव्हे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभारून कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच तत्त्व आचरून दाखवले होते.

शासनाची रुग्णालये औषध देतात, चाचण्या करतात. परंतु सहा महिने क्षयाची गोळी चुकू न देणे, घाबरलेल्या मातेसोबत रुग्णालयाच्या रांगेत थांबणे, बालकाची दुसरी लस लक्षात ठेवणे, ही कामे समाजाची आहेत. स्थलांतरित मजुरांची पाले गावाबाहेर पडतात, तेव्हाही हीच कामे उभी राहतात. त्यासाठी सीमा ओलांडून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

दानाच्या परंपरेत औषधदान आणि अभयदान यांची गणना वेगवेगळी केली जाते. निर्वासिताच्या बाबतीत मात्र ती दोन्ही एकत्रच द्यावी लागतात. भ्यालेला माणूस आपला आजार सांगत नाही आणि न सांगितलेल्या आजारावर औषध चालत नाही. म्हणून प्रथम अभय, मग औषध. सिंधी कॅम्प आणि रामपुरी कॅम्प यांच्या पत्त्यांतील तो जुना शब्द उद्याच्या यजमानांना एवढीच आठवण करून देवो की, आज ज्याची विचारपूस होते, तो उद्या शेजारी होतो.