मधले तीन महिने

बाई गरोदर राहिली की पहिले तीन महिने मळमळ, ओकारी असते. चौथा लागला की बहुधा ती थांबते. भूक लागते. मग घरचे म्हणतात, "आता बरं आहे की! दवाखाना कशाला?" इथंच घोटाळा होतो.

चौथा, पाचवा, सहावा हे बाळाच्या वाढीचे महिने. पाचव्याच्या सुमारास बाळाची हालचाल कळू लागते. बाळ वाढते ते आईच्या रक्तावर. म्हणून चौथ्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस घ्यायची. शौचाला काळी होते. त्याला भिऊ नये. गोळीवर लगेच चहा घेऊ नये.

"जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भाकरी, डाळ, पालेभाजी तिला पोटभर द्या.

२०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. रक्त, लघवी, रक्तदाब पाहतात.

अंगावरून रक्त गेलं, तोंड सुजलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा.

आणि बाप्यांनो, ९ तारखेला तिला एकटी धाडू नका. कामाचा एक खाडा झाला तरी चालेल. बरोबर जा.