मैलाटाकीचा परवाना कोणी घ्यावा?

हिंजवडी म्हटले की राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या सावलीत हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातील गावे आहेत. तेथील वस्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने भुयारी गटारे वाढली नाहीत. गटार नाही तेथे मैला टाकीत साठतो आणि टाकी भरली की टँकर बोलावला जातो. टँकरवाल्याने हे काम कोठे शिकले, मैला तो कोठे ओततो, हे कोणी विचारीत नाही.

घरातील विजेची जोडणी करणाऱ्याला तारतंत्रीचा परवाना लागतो. मोटार हाकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. मैल्याच्या टाकीत दुसऱ्याला उतरविणाऱ्याची परीक्षा मात्र कोण घेतो?

याच पुणे जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ चार जण आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीत तीन कामगार मैल्याच्या टाकीत मरण पावले. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि धोक्याची सूचना नाहीशी होते. पहिला कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. जे टाळता येते त्याला अपघात म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

२०१३ च्या कायद्याने गटारे व मैलाटाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस नेमण्यास मनाई केली. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. हे सारे योग्यच. पण भरपाई मरणानंतर मिळते. प्रमाणपत्राची अट मरणाआधी दार अडविते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मैलाटाकीचा आराखडा करणारा, ती बसविणारा, उपसणारा आणि तपासणारा अशा प्रत्येकाला राज्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. जबाबदारी साखळीच्या प्रत्येक कडीवर आहे. आपल्याकडे मैलाटाकीच्या बांधणीचे भारतीय मानक आहे. पण टाकी त्याप्रमाणे बांधली की नाही, हे जमिनीखालीच राहते.

येथे एक सावधगिरी हवी. या देशात हे काम जातीने वाटले गेले आहे. ज्यांच्या माथी ते पिढ्यान्‌पिढ्या मारले, त्यांच्याच हाती प्रमाणपत्र देऊन ‘आता खुशाल उतर’ म्हणणे ही सुधारणा नव्हे. ती जुन्या अन्यायावर सरकारी शिक्का मारणे आहे. अपघात झाल्यावर ‘प्रशिक्षित होता, चूक त्याचीच’ असे म्हणायलाही ठेकेदार मोकळा होईल.

म्हणून परवाना प्रथम ठेकेदाराला, आराखडा करणाऱ्याला आणि यंत्राला हवा. परवाना नसलेला टँकर बोलावणारी सोसायटीही दोषी धरावी. कामगाराच्या प्रमाणपत्रासोबत योग्य वेतन, विमा आणि टाकीत उतरण्यास नकार देण्याचा हक्क असावा.

हे अशक्य नाही. वाई आणि सिन्नर या महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांच्या पाळीने टाक्या यंत्राने उपसून मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था उभारली. वाईला जे जमले, ते हिंजवडीच्या वैभवाला परवडत नाही, असे कोणी म्हणू नये. तेथे उणीव पैशाची नाही. टाकीत उतरणाऱ्याला आपल्यासारखाच नागरिक मानण्याची आहे.