एकट्याला न सुटणारा प्रश्न



स्वागत समितीच्या वतीने गोदाकाठच्या नाशिकनगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. 1989 साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ आणि 1998 सालचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ही दोन्ही राज्यव्यापी विद्यापीठे याच शहरात आहेत. शोधाधारित अध्ययन आणि गटकार्यावरची परिषद इथे भरते आहे, याचा आम्हाला विशेष आनंद आहे.

1969 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षणाचा क्रम उलटा केला. आधी रुग्णाची समस्या, मग पुस्तक. आपल्याला काय माहीत नाही, हे छोट्या गटाने स्वतः ठरवायचे आणि शोधायला निघायचे. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही रोख शोधक शिक्षणाकडेच आहे. तरीही अनेक ठिकाणी प्रॅक्टिकलचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरते.

याउलट, उत्तर आधी न ठरलेला आमच्याच जिल्ह्यातला एक प्रश्न घ्या. लासलगावच्या लिलावात कांद्याला मिळालेला भाव आणि नाशिकच्या मंडईत गिऱ्हाइकाने मोजलेला भाव, यांत एवढी तफावत का? एकाने लिलावाचे भाव टिपावेत, दुसरीने हमाली, तोलाई, वाहतुकीचा हिशेब काढावा, तिसऱ्याने कांदाचाळीत सडणारा माल बघावा, चौथीने किरकोळ विक्रेत्यांशी बोलावे. मग चौघांनी आकडे मांडावेत. ते जुळत नाहीत म्हणून वाद होतो आणि त्या वादात नफा, साठवणूक, जोखीम या संकल्पनांची गरज विद्यार्थ्यांना स्वतःलाच भासते.

गटात एकच राबतो आणि बाकीचे सह्या करतात, ही तक्रार खरी आहे. म्हणून काम असे वाटावे, की एकाचा भाग राहिला तर सगळ्यांचेच उत्तर अडेल. व्हायवात प्रत्येकाला सोबत्याच्या भागावरही विचारावे. अंतर्गत मूल्यमापनात शोधाच्या नोंदींना, फसलेल्या प्रयत्नांनाही गुण असावेत. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, असे माझे ठाम मत आहे.

एकच विनंती. परिषद संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या विषयातला, एकट्याला न सुटणारा असा एक प्रश्न, गुणांच्या विभागणीसह, लिहून काढावा आणि येत्या सत्रात वर्गात न्यावा.

निवास-भोजनात काही उणे वाटले, तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा.