आधी खर्च मोजा

आज पदवी घेणाऱ्या मित्रांनो,

मूर्तिजापूर जंक्शनवर जुने निळे डबे उभे असले की त्यांच्या पोटाशी नजर टाका. चाकाच्या आसाला पट्ट्यांनी जोडलेला अल्टरनेटर दिसेल. गाडी धावते तेव्हा त्याच्यावर दिवे-पंखे चालतात, बॅटरीही भरते. गावाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वरच्या गाड्यांचे फास्टॅग तर बॅटरीविनाच चालतात. टोलनाक्याचा अँटेना ज्या रेडिओलहरी सोडतो, त्यांतूनच क्षणभराची वीज घेऊन तो टॅग आपला क्रमांक सांगतो. एनर्जी हार्वेस्टिंग म्हणतात ते हेच.

हल्ली प्रोजेक्ट पूर्ण झाला की शेवटी वर एक सोलर पॅनेल चिकटवतात. मला हे पटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे सर्किटलाही लागू आहे.

कपाशीच्या वावरात जमिनीची ओल मोजणारं यंत्र घ्या. झोपेत ते 3 व्होल्टवर 2 मायक्रोअँपिअर घेतं, म्हणजे 6 मायक्रोवॅट. दर 15 मिनिटांनी जागं होऊन मोजणं आणि संदेश धाडणं, यात 12 मिलिज्यूल गेले असं धरू. सरासरी निघते 20 मायक्रोवॅटच्या आत. दिवसाला पावणेदोन ज्यूलही नाहीत. एक चौरस सेंटिमीटरचा चांगला सौरघट कडक उन्हात तासाला 70 ज्यूल देतो. महिनाभराची बेगमी झाली! पण तोच घट कचेरीतल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम 10 मायक्रोवॅटच्या आसपास देईल. जागा बदलली की गणित बदललं.

आता त्याच बोर्डावर 2 मिलिअँपिअरचा लाल एलईडी लावा. तो एकटाच 6 मिलिवॅट खातो, म्हणजे अशा 300 यंत्रांची वीज. आणि प्रॅक्टिकलला तुम्ही सर्रास वापरलेला 7805 व्होल्टेज रेग्युलेटर? काही काम नसतानाही तो स्वतःसाठी चार-पाच मिलिअँपिअर घेतो. अशी गळती असेल तर पॅनेल कितीही मोठं लावा, यंत्र रडतच चालणार.

दुसरी अडचण आपल्या हवेची. बहुतेक लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असं त्यांच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा तिथवर जातो; उन्हातल्या बंद डब्यात तर विचारूच नका. म्हणजे वीज भरपूर मिळते नेमकी त्याच वेळी सेल ती घेऊ शकत नाही. अशा ठिकाणी मी सुपरकपॅसिटर निवडेन. एक फॅरडचा, 5 वरून 3 व्होल्टपर्यंत उतरताना 8 ज्यूल देतो. रात्र सहज निघते. मात्र त्याची स्वतःची गळती आधी मोजा, कधीकधी ती यंत्राच्या खर्चाएवढी भरते.

कंपनांतून वीज काढणाऱ्या पिझोचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. मोटरपंपावर बसवा, ठीक आहे. उभ्या वावरात हलतंय काय? तिथे ऊनच बरं. फक्त पॅनेल खांबावर उंच घ्या, नाहीतर पोळ्यापर्यंत कपाशीच त्याला झाकून टाकेल.

तुमच्यापैकी अनेक जण पुण्याला, बंगळुरूला जातील. तिथल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत तुमचं यंत्र पास होईलही. तरी एकदा ते मे महिन्यात इथे आणा, आठवडाभर वावरात उभं करा, आणि टिकलं तरच शेतकऱ्याला विका.