‘लेस’ म्हणजे कमी नव्हे
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल’ असं मला सांगितलं होतं. पण कॉम्प्युटरबद्दल तुमची मुलंच तुम्हाला जास्त सांगतील. मी इंग्रजीबद्दल बोलणार आहे. हसू नका! ज्या विषयात पस्तिशी गाठताना घाम फुटायचा, तोच हा विषय.

आपल्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, आपण शाळेबाहेर पडल्यावर. आपण शब्द पाठ करायचो, शेवटी काय जोडलंय ते बघायचो नाही.

सातवीतली गोष्ट, ज्याची आहे त्याला विचारूनच सांगते. एका मित्राच्या प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे शेरा आला, ‘होपलेस’. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. तिने आम्हा मुलींना विचारलं, “मास्तरांनी काय लिवलंय गं?” आम्ही डोकं लावलं. होप म्हणजे आशा. आणि कापडाच्या दुकानात ‘दहा टक्के लेस’ अशी पाटी असायची, म्हणजे लेस म्हणजे कमी. आम्ही सांगितलं, “काकू, आशा आहे, पण थोडी कमी आहे.” काकू म्हणाल्या, “मग वाढंल की!”

शब्दाला मागून लागणारा प्रत्यय आपल्याला वेगळा समजावायला नको. पुण्याकडे जाणारी लांबची गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात आणि मगच ती बोरघाट चढते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाला सदतीस फुटांना एक फूट इतका चढ आहे. गाडीचे डबे तेच, पण जोर मागचा. फरक एवढाच की शब्दामागचं इंजिन कधी गाडी वर नेतं, कधी खाली दरीत.

पुढे इंजिनीअरिंगला असताना शब्दकोशात सापडलं की हा ‘लेस’ वेगळाच आहे. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘विना’ अर्थाच्या शब्दापासून आला. ‘कमी’वाल्या लेसशी त्याचं नातं नाही. म्हणजे ‘होपलेस’मध्ये आशा कमी नव्हती, नव्हतीच.

एवढं कळूनही नोकरीत फसलेच. परदेशी ग्राहकाने एक उत्तम सूचना केली. तिचं मोल करता येणार नाही, म्हणून मी मेलमध्ये तिला ‘वर्थलेस’ म्हटलं. म्हणजे कवडीमोल! मला म्हणायचं होतं ‘प्राइसलेस’, अनमोल. प्रत्यय एकच, पण एकात किंमतच नाही आणि दुसऱ्यात किंमत करता येत नाही. हल्ली आमच्याकडे ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. त्यात सर्व्हर असतोच, फक्त तो सांभाळायचं काम दुसऱ्याचं. ‘चाइल्ड’चंही तसंच. ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे लहान मुलासारखं निर्मळ. आज आपण दुसऱ्या प्रकारात आहोत असं समजू या.

तर तो मित्र. दहावीला इंग्रजीत गेला, ऑक्टोबरला सुटला, आयटीआय केलं. खोपोलीत आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा मी त्याला त्या शेऱ्याचा खरा अर्थ सांगितला. वाटलं, हसेल. तो गप्प झाला. मग म्हणाला, “आईला तेव्हा हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी वीटभट्टीवर असतो.”

आमचं भाषांतर साफ चुकलं होतं. मार्क द्यायचे तर शून्य. पण ती बाई त्या चुकीच्या अर्थावर तीन वर्षं मुलाला शाळेत पाठवत राहिली.

आपल्यातले काही जण आज शिक्षक आहेत, बरेच जण पालक आहेत. कुणाबद्दल शेरा लिहिताना शब्दाच्या शेवटाकडे आलात की पेन जरा थांबवा. नुसतं ‘होप’ लिहून सोडलंत तरी चालेल.